पिल्लाच्या नावासाठी सह्याद्रीत

गुरुवार : भंडारदरा

पिल्लू अजून आईपाशीच आहे. मित्राच्या सोसायटीत जिन्याखाली एका गावठी कुत्रीनं पिल्लं घातली, त्यातलं एक काळंकुळकुळीत, छातीवर पांढरा टिपका असलेलं पिल्लू आमच्या वाट्याला आलंय. आठ आठवडे तरी त्याला आईजवळ, भावंडांत राहू द्या, चावताना जोर किती लावायचा हे ते तिथंच शिकतं, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे हातात वेळ होता, आणि हातात वेळ असला की आमच्या घरात भांडणं होतात. या वेळी नावावरून. मोती, टायगर, सिंबा, कुकी. एकाला आवडलं की दुसऱ्यानं नाक मुरडायचं. शेवटी बायको म्हणाली, नाताळच्या सुट्टीत डोंगरात जातोच आहोत, तर नाव तिथूनच आणू. गावाचं, डोंगराचं, दरीचं, कशाचंही चालेल.

कुत्र्यांना ठिकाणांची नावं मिळणं तसं जुनंच. रॉटवायलर जर्मनीतल्या रॉटवाइलचा, डाल्मेशियन क्रोएशियाच्या डाल्मेशिया किनाऱ्याचा, पॉमेरेनियन बाल्टिक समुद्राकाठच्या पॉमेरेनियाचा. लॅब्रेडॉरची तर गंमतच आहे. त्याचे पूर्वज खरे न्यूफाउंडलंड बेटावरचे, पण नाव चिकटलं शेजारच्या लॅब्रेडॉरचं. आपल्याकडे कर्नाटकातलं मुधोळ, उत्तर प्रदेशातलं रामपूर, तमिळनाडूतलं राजापालयम. या तिन्ही गावांची कुत्री, जोडीला हिमालयन शीपडॉग, २००५ साली टपाल तिकिटांवरसुद्धा आली. आमचं ध्यान मात्र निव्वळ गावठी. त्याला कुठल्याच गावानं नाव दिलेलं नाही, तेव्हा आपण देऊ, असा एकंदर विचार.

गाडी इगतपुरी सोडून घोटीहून आत वळली आणि लेकीनं वही उघडली. उजव्या बाजूला डोंगर धावायला लागले. अलंग, मदन, कुलंग. तिघे एकमेकांना खेटून उभे. ‘मदन’ लेकीनं लिहिलं आणि आईनं लगेच खोडायला लावलं, कारण मदनमामा. मामा हयात आहेत आणि घरी येतात. पुढं कळसूबाई. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर. त्यावरही आईचा नकार.

“देवीचं नाव कुत्र्याला? उद्या तू त्याच्यावर ओरडशील, काय म्हणून ओरडशील?”

मग आईनं गाडीतच नियम घालून दिले. देवाचं नाव नको. नदीचं नको, कारण नद्याही देवीच. आणि महाराजांच्या गडाचं तर अजिबात नको. म्हणजे नकाशावरची ठळक अक्षरातली सगळी नावं एका झटक्यात बाद. मला तेव्हा राग आला होता, पण आईचं म्हणणं पटण्यासारखं होतं. कुत्र्याचं नाव दिवसातून पन्नासदा घेतलं जातं, त्यातलं निम्मं चप्पल पळवली म्हणून. शिवनेरी किंवा गोदावरी त्या सुरात घ्यायला जीभ वळत नाही.

कळसूबाईच्या पायथ्याचं गाव बारी. बायकोला ते आवडलं. छोटं, दोन अक्षरी, तोंडात बसणारं. पण आमचं पिल्लू नर आहे, आणि मी म्हटलं, “बारी म्हटलं की मला पंढरपूरच्या रांगेत उभं राहिल्यासारखं होतं.” तरी तिनं ते वहीत राहू दिलं.

संध्याकाळी धरणावर गेलो. प्रवरेवरचं हे विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं, आणि त्याच्या पाण्याला आर्थर लेक हे नाव. विल्सन, आर्थर. साहेबाच्या घरची दोन कुत्री शोभावीत अशी नावं. लेकीला विल्सन आवडला. मी गप्प बसलो. अशा वेळी विरोध केला की नाव पक्कं होतं. धरणाच्या पायथ्याच्या गावाचं नाव शेंडी. बायको म्हणाली, पिल्लाच्या शेपटीच्या टोकालाही पांढरे केस आहेत, शेंडी का नको? हे ऐकून आई पहिल्यांदा हसली. शेंडी यादीत.

शुक्रवार : रतनवाडी, साम्रद, सांदण

जलाशयाला वळसा घालणारा रस्ता म्हणजे नावांची रांगच. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद. प्रत्येक पाटीपाशी गाडी हळू करायची, लेकीनं नाव मोठ्यानं वाचायचं, मग सगळ्यांनी एकदा हाक मारल्यासारखं म्हणून बघायचं. मुरशेत म्हणताना ‘त’ घशातच राहतो. उडदावणे हाक मारेपर्यंत कुत्रं रस्ता ओलांडून पलीकडे गेलेलं असेल. घाटघर छान, पण हाकेत त्याचं ‘घागर’ होतं.

मग मुतखेलची पाटी आली. लेक इतकी हसली की तिला उचकी लागली. घरात नवीन पिल्लू येणार, त्याला सू कुठं करायची हे शिकवायला महिने जाणार, आणि हे नाव. “बाबा, हेच! हेच ठेवू!” आई मात्र गंभीर. “गावाच्या नावाला हसू नये. लोकांचं गाव आहे ते.” लेकीनं पुढच्या वळणापर्यंत तोंडावर हात धरून ठेवला.

रतनवाडीत अमृतेश्वराचं मंदिर पाहिलं. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम, शेजारची दगडी पुष्करणी, मागं रतनगड. गडाच्या माथ्यावर कातळाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात; आणि बाजूला एकटा उभा सुळका, त्याचं नाव खुटा. नेढं म्हणजे सुईचं. डोंगरातल्या माणसांनी कातळाला किती नेमकी नावं दिलीत हे अशा ठिकाणी कळतं. माची, सोंड, नाळ, घळ, धार, सडा, खिंड. यातलं प्रत्येक नाव पायानं चालून ठरलेलं आहे. आमच्या लेकीला यातली दोनच माहीत होती, म्हणून वहीचं एक पान या शब्दांना दिलं. या पानानं मला जास्त आशा वाटली. हे शब्द छोटे आहेत, कुणा देवाचे नाहीत आणि कुणाच्या मामाचे नाहीत. नेढं म्हटलं की ‘नेढ्या’ आपोआप होतं.

दुपारी साम्रदहून सांदण. ही जमिनीला पडलेली चीर आहे. सपाटीवरून चालताना पुढं दरी आहे असं वाटतही नाही, आणि मग दोन्ही बाजूंना शेकडो फूट कातळभिंती उभ्या राहतात. काही ठिकाणी इतकी अरुंद की वर आकाशाची नुसती पट्टी. तळाला मोठमोठे धोंडे, सुरुवातीलाच गार पाण्याचे साठे. पावसाळ्यात इथं यायचं नाही; पाणी वाढलं तर बाजूला व्हायला जागाच नाही. आई तोंडापाशी सावलीत बसली, आम्ही तिघं आत गेलो.

आत गेल्यावर लेकीला सुचलं, की यादीतली सगळी नावं इथं ओरडून बघू. वेडेपणाच, पण त्यातून जे कळलं ते घरात बसून कळलं नसतं. भिंती आवाज परत फेकतात तेव्हा नावातली व्यंजनं गळून पडतात आणि स्वर तेवढे उरतात. ‘शेंडी’चं नुसतं ‘एऽईऽ’. ‘नेढ्या’ आणि ‘खुट्या’ दोन्ही ‘याऽ’. ‘विल्सन’ तर परत आलाच नाही. लेक हिरमुसली, आणि माझं काम न बोलता झालं. ‘आर्थर’मधलं ‘आर’ तेवढं फिरत राहिलं. दीर्घ ‘आ’ आणि ‘ओ’ लांब जातात, ऱ्हस्व ‘इ’ आणि ‘उ’ जागच्या जागी मरतात. मोकळ्या मैदानात कुत्रं पन्नास पावलांवर असतं तेव्हाही हेच होणार, फक्त भिंती नसल्यामुळे आपल्याला ते कळणार नाही.

बाहेर आलो तर आई म्हणाली, “मला नुसतं आऽ आऽ ऐकू येत होतं. कुणाला लागलं की काय म्हणून उठून उभी राहिले.”

बायकोनं मात्र आतच ठरवून टाकलं होतं. सांदण. ‘सां’वर जोर, नाव कुणी ठेवलेलं नाही, आणि पिल्लाला फटीत घुसून बसायची सवय आहे. मला नाव आवडलं. पण ‘सांदण’ घाईत म्हटलं की ‘चांदण’ होतं, आणि काळ्या कुत्र्याला सगळा शेजार चांदणी म्हणणार हे मला दिसत होतं.

शनिवार : राजूर, कोतूळ, ओतूर

दिवसभर गाडी. राजूर, कोतूळ, ब्राह्मणवाडा, ओतूर, मग माळशेजच्या दिशेनं आणि पिंपळगाव जोगे धरणाच्या पाण्याकडेनं खिरेश्वर. राजूर-कोतूळ-ओतूर सलग म्हटलं की बडबडगीत होतं, त्याहून जास्त काही हाती लागलं नाही.

वाटेत लेकीनं ‘बसाल्ट’ सुचवलं. शाळेत शिकलीय, हा सगळा डोंगर त्याचाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले, म्हणून सह्याद्रीचे कडे असे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. काळ्या पिल्लाला नाव चपखल. अडचण एकच, आम्ही त्याच्याशी मराठीतच बोलणार, आणि पहिली आज्ञा ‘बस’. हाक मारली की ते खाली बसणार. नाव आज्ञेसारखं ऐकू येऊ नये हा नियम डॉक्टरांनीही सांगितला होता. दुसरा त्यांचा नियम, रागवताना नाव घ्यायचंच नाही. नाव ऐकलं की काहीतरी चांगलं होतं एवढंच पिल्लाला कळलं पाहिजे, मगच ते हाकेला येतं. आईला हा पटला नाही. “मग रागवायचं कुणाला, भिंतीला?”

जुन्नर भागातल्या नद्यांची नावं नकाशात वाचली: कुकडी, पुष्पावती, मीना, मांडवी. नद्या बादच होत्या, तरी मीना वाचून आई म्हणाली, “ही तर तुझी आत्या.” घराण्यातलं अर्धं गोत या डोंगरात सापडलं.

रविवार : हरिश्चंद्रगड

आई खिरेश्वरात थांबली. तिला नागेश्वराचं जुनं मंदिर आणि त्याचं कोरलेलं छत निवांत बघायचं होतं. आम्ही उजाडताना निघालो. गावाच्या बाहेर पडतो न पडतो तोच एक तांबूस कुत्री पुढं चालायला लागली. बोलावलं नाही, हाकललं नाही. फाटा आला की थांबायची, आम्ही बरोबर वळलो की पुन्हा पुढं. वाटेत भेटलेल्या एका गावकऱ्याला लेकीनं विचारलं, “काका, हिचं नाव काय?”

“ज्याला जे वाटंल ते. मागल्या रविवारच्या पोरांनी राणी ठेवलं होतं. त्याच्या आधीच्यांनी लैला.”

आम्ही राणी म्हणून पाहिलं, कुत्रीनं कान हलवला. लैला म्हटलं, कान हलवला. मुतखेल म्हटलं (लेकीनं), तरीही कान हलवला. पिशवीची चेन वाजली तेव्हा मात्र पूर्ण वळून आमच्यासमोर उभी राहिली. इतके दिवस नावावर खल करणाऱ्या माणसांना हे बघणं फार सोयीचं नव्हतं.

तास-दीड तासाच्या चढानंतर तोलार खिंड. इथं वाघाचं शिल्प कोरलेला दगड आहे. दोन्ही बाजूंना डोंगर चढत गेलेले, मध्ये ही खाच, आणि तिच्यातून वारा असा येतो की टोपी धरून ठेवावी लागते. जुन्नरकडची माणसं आणि अकोले तालुक्याकडची माणसं याच खिंडीतून एकमेकांकडे गेली. पुढं कातळटप्पा, रेलिंग धरून चढायचा. आम्ही दम खात बसलो तोवर कुत्री वर जाऊन दिसेनाशी झाली. लेक घाबरली. राणी, लैला, सगळ्या हाका मारून झाल्या. वाऱ्यानं त्या तोंडासमोरच उडवल्या. मग ती उठली आणि काहीतरी ओरडायचं म्हणून समोरच्या पाटीवरचं नाव ओरडली.

“तोऽलाऽर!”

‘तो’ खिंडीतून पलीकडे गेला आणि ‘लाऽ’ वर कातळापर्यंत. मी आणि बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. सुरुवातीला टणक ‘त’, मग दोन लांब स्वर, शेवटी ‘र’ची कड. सांदणीत जे नियम कळले होते त्या सगळ्यांत बसणारं. देव नाही, नदी नाही, गड नाही, मामा नाही, आत्या नाही. बस, थांब, ये, सोड, कशाशी घोळ नाही. कुत्री आली ती तिच्या वेळेनं आली, नावाला नाही. तेवढा प्रामाणिकपणा ठेवायला हवा.

पुढची वाट लांबलचक. टेकाडामागून टेकाड, प्रत्येक वेळी वाटतं आता मंदिर आलं. आलं तेव्हा ऊन चांगलं वर चढलं होतं. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, त्याच्या खालच्या अंगाला केदारेश्वराची गुहा. कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात मोठं शिवलिंग, भोवती चार खांब, त्यातला एकच धड उभा. लोक पाण्यात उतरून प्रदक्षिणा घालतात. बायकोनं घातली, मी पायाचा अंगठा बुडवला आणि परत काढला.

कोकणकड्यावर पालथं झोपून खाली पाहायचं असतं. कडा आत वळलेला आहे, त्यामुळे खालची भिंत दिसतच नाही, एकदम कोकणच दिसतं. पावसाळ्याच्या सुमारास समोर धुकं आणि पाठीशी सूर्य असा योग आला तर इथून गोल इंद्रधनुष्य दिसतं, त्याला इंद्रवज्र म्हणतात. डिसेंबरात कुठलं! लेकीनं तरी ‘वज्र’ वहीत लिहिलं. मी म्हटलं, जोडाक्षर आहे, आजीला धावत धावत म्हणता येणार नाही. बायको म्हणाली, आजी धावणार आहे का? पण नाव खोडलं गेलं. आता सगळ्यांच्या मनात एकच होतं, फक्त बायको कबूल करत नव्हती.

परतताना खिंडीत पुन्हा ओरडून पाहिलं. तिघांनी तीन सुरात. उलट्या वाऱ्यातही जमलं.

खाली आईला सांगितलं. तिनं नाव दोनदा तोंडात घोळवलं आणि तिसऱ्यांदा म्हणाली, “तोलोबा.” झालं. मराठी नावाची खरी परीक्षा ही. लाडात त्याचं काय होतं, रागात काय होतं, घाईत काय होतं. तोलोबा, तोल्या, तोलू, आणि पाहुण्यांसमोर तोलारराव. ‘बसाल्ट’ला यातलं एकही रूप लागत नाही, ‘सांदण’ला एखादं. लेकीनं लगेच डॉक्टरांच्या लसीकरणाच्या कार्डावर लिहायचं अक्षर गिरवायला घेतलं.

सोमवार : नाणेघाट

नाव ठरलं होतं, त्यामुळे आजचा दिवस मोकळा. नाणेघाटात नकाशा न उघडता नुसतं फिरलो.

सातवाहनांच्या काळातली ही व्यापारी वाट, घाटमाथा आणि कोकण जोडणारी. वर एक दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. खाली उतरल्यावर गुहा, आणि तिच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख, दोन हजार वर्षांहून जुना. यज्ञात दिलेल्या दानांची जंत्री आहे त्यात, गायी किती, घोडे किती. आकड्यांसाठी अभ्यासक त्याला फार मानतात. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या. वरची कोरलेली नावं तेवढी आहेत.

“म्हणजे पट्टा राहिला आणि कुत्रा पळाला,” लेक म्हणाली. आई तिच्याकडे रागानं बघायला गेली आणि तिलाच हसू आलं.

घाटाच्या तोंडाशी उभा असलेला डोंगर म्हणजे नानाचा अंगठा. पलीकडे जीवधन, त्याला चिकटून वानरलिंगीचा सुळका. इतकी नावं, आणि आता एकाचीही गरज नाही. आधीच्या दिवशी इथं आलो असतो तर अंगठ्यावरून अर्धा तास वाद झाला असता.

परतीच्या वाटेवर मित्राला फोन लावला आणि पिल्लाच्या कानाशी धरायला सांगितला. पिल्लांचे डोळे जन्मानंतर दोनेक आठवड्यांनी उघडतात, कान त्यापुढं थोड्या दिवसांनी. आमच्याचं दोन्ही आता उघडलेलं. लेकीनं फोनमध्ये “तोऽलाऽर” केलं. मित्र म्हणाला, दचकून आईच्या पोटाखाली शिरलं. खिंडीतला आवाज घरात वापरायचा नाही, असा नवा नियम आईनं तिथल्या तिथं केला.

बायको खिडकीतून बाहेर बघत होती. ओतूरच्या जवळ ती म्हणाली, “सांदण मी सोडलेलं नाही. पुढच्यासाठी ठेवलंय.”

“पुढचं नाही,” मी म्हटलं. “एकच कुत्रा. हे ठरलंय.”

गाडीत कुणीच काही बोललं नाही. लेकीनं वहीत सांदणच्या पुढं एक बारीक खूण केली आणि वही बंद केली.